हरसूलच्या बाजारात कोण बसलं होतं

मंगळवार, ९ डिसेंबर २०२५
इंदिरानगर, नाशिक

नियाज,

माझा नंबर तू अजून ब्लॉकच ठेवलायस. काल पुन्हा लावून पाहिला. म्हणून हा कागद. खुशनुमाच्या हातात देऊन जातेय. तुझी बायको मोठी गोड आहे रे, तुझ्यासारखी नाही. मी नाव सांगितल्यावर म्हणाली, "अच्छा, तुम्हीच का त्या पूजाताई!" या 'त्या'मध्ये तू काय काय भरून ठेवलं आहेस देव जाणे. तरी तिने खुर्ची दिली आणि चहा मागवला.

तू नमाजाला गेलास ती वेळ साधून तुझं प्रदर्शन बघून घेतलं. होर्डिंगच्या मागच्या बाजू! अरे, सगळं नाशिक पुढून नेत्यांचे वाढदिवस बघतंय, आणि तू मागचे बांबू, गंजके पत्रे आणि त्यांत बसलेली कबुतरं रंगवतोयस. द्वारका चौकाचा मोठा कॅनव्हास फार आवडला. पत्र्याच्या भोकांतून येणारं ऊन तर अगदी खरं उतरलंय, डोळे बारीक करावे लागले मला. पण तपकिरीचा सोस काही गेला नाही तुझा. सावली तपकिरी, आकाश तपकिरी, कबुतरंसुद्धा तपकिरी! कोपऱ्यातलं लहान चित्र काढून टाक, ते उगाच भिंत भरायला लावलंय. तुला राग येईल. येऊ दे.

आमचं तर तुला कळलंच असेल, गावभर पोस्टर लागलीत. रंगनाथ सरांचं आजवरचं सगळ्यांत मोठं प्रदर्शन. खालच्या हॉलमध्ये जुनी चित्रं, वरच्या हॉलमध्ये गेल्या पाच वर्षांतली. खाली लोक दहा मिनिटं थांबतात आणि वर तासभर रेंगाळतात. पेपरात आलंय, 'वयाच्या पंच्याहत्तरीत चित्रकार जमिनीवर उतरला.' हरसूलच्या आठवडे बाजाराच्या चित्रापुढे तर सेल्फीला रांग आहे.

सर ठणठणीत आहेत. हात पूर्वीसारखाच चालतो. तुझी आठवण काढतात. तू मात्र अकरा वर्षं एकच गोष्ट धरून बसला आहेस. आपल्याकडे पद्धतच होती ना ती? शिष्याच्या चित्रावर सरांनी दोन फटकारे मारायचे आणि शिष्याने वाकून नमस्कार करायचा. माझ्या किती चित्रांवर त्यांनी हात फिरवला असेल! आता तुझं चित्र भिंतीवर लागलेलं होतं, सरांनी उद्घाटनाला आलेल्या लोकांसमोर फ्रेम उघडायला लावली आणि तुझ्या आकाशावर ब्रश चालवला, हे जरा जास्त झालं, मान्य. पण म्हणून चित्र काखेत मारून निघून जायचं, ते पुन्हा तोंड म्हणून दाखवायचं नाही? आणि मी सरांकडे राहिले म्हणून माझ्याशीही बोलणं बंद? मी काय केलं होतं तुझं?

असो. प्रदर्शन बघायला ये. पण यायचं तर मधल्या वारी, दुपारचा ये. रविवारी नको. त्या दिवशी सरांचा डेमो आणि गप्पा आहेत, उगाच गर्दी असते.

पूजा


गुरुवार, ११ डिसेंबर

नियाज,

काल तू येऊन गेलास म्हणे. खालच्या हॉलमध्ये गेलाच नाहीस, थेट जिना चढलास, आणि बाजाराच्या चित्रापुढे बराच वेळ उभा राहिलास. हे मला गॅलरीच्या निकिताने सांगितलं. हे सगळं प्रदर्शन तिनेच उभं केलंय. "एक दाढीवाले गृहस्थ आले होते, चित्रापुढे उकिडवे बसून बघत होते," म्हणाली. तेव्हाच ओळखलं, तूच.

आणि आज सकाळी खुशनुमाने तुझी चिठ्ठी दिली. सात वर्षांच्या मुलीसारखी लाजत दिली बिचारीने. "हरसूलच्या बाजारात कोण बसलं होतं?" बस. खाली सहीसुद्धा नाही.

हा काय प्रश्न झाला? सर बसले होते. सरांचं चित्र आहे, सरांची सही आहे. आम्ही एसटीने गेलो होतो, त्यांनी तिथेच काढलं. तुला सगळीकडे काहीतरी काळंबेरं दिसतं.

(दुपारी)

वरचं सगळं खोटं आहे. खोडत नाही. आपण वॉटरकलरवाले, खोडायची सवय नाही आपल्याला.

तू उकिडवा बसलास तेव्हाच तुला कळलं असणार. सर जन्मभर उभं राहून चित्र काढत आले. ईझल लावायचं, ताठ उभं राहायचं, बाजार वरून बघायचा. त्यांच्या प्रत्येक चित्रात माणसांची डोकी आधी दिसतात आणि क्षितिज त्यांच्याही वर असतं. आणि या चित्रात डोळा टोपल्यांच्या काठाला टेकलाय. माणसं वर, आभाळात गेलीत. पेपरवाल्यांना वाटलं, सर जमिनीवर उतरले. अरे, सरांचे गुडघे वाकत नाहीत, ते कसले उतरतायत!

मी बसले होते. नागली विकणाऱ्या बायकांच्या ओळीत. एकीने गोणपाट सरकवलं, म्हणाली, "बस बाई इथं, ऊन लय हाय." पाठीमागून तिचा पदर माझ्या बोर्डावर सावली धरत होता. तिच्या पोराने माझ्या निळ्या रंगात बोट बुडवून चाटलं आणि ती ओरडायच्या ऐवजी त्याच्यावर हसत सुटली.

वरच्या हॉलमधली सगळी चित्रं माझी आहेत, नियाज. सगळी.

सरांचा उजवा हात पाच वर्षांपासून कापतो. आधी चहाच्या कपात कळायचं, मग ब्रशमध्ये. पहिल्यांदा त्यांनी मला घाटाचं एक अर्धवट चित्र दिलं, म्हणाले, "पूजा, जरा हात फिरव." माझ्यावर विश्वास टाकला म्हणून मला कोण आनंद झाला होता! मग अर्ध्याचं पाऊण झालं, आणि एक दिवस त्यांनी माझ्यापुढे कोरा कागदच ठेवला. मी काढते, ते शेजारी बसून बोलतात. "इथे पाणी जास्त झालं." "ती भिंत सोड, कागद बोलू दे." शेवटी सही तेवढी करतात. ती कापरी सही लोकांना फार कलात्मक वाटते.

आता कळलं, मी तुला रविवारी येऊ नको का म्हटलं? निकिताने मला न विचारता डेमो जाहीर केलाय. सरांच्या हातात ब्रश दिला तर सगळ्या गावासमोर तो कागदावर टपटपेल.

झालं समाधान? आता गप्प बस.

पूजा


शुक्रवार, १२ डिसेंबर

नियाज,

तू गप्प बसणार नाहीस, असं खुशनुमा म्हणाली. बिचारी रडकुंडीला आली होती. "ताई, ये बोलतात, संडेला उभं राहून सगळ्यांसमोर विचारणार. मी किती समजावलं." आणि वर तुझा निरोप: मी सरांवर सूड घ्यायला नाही, पूजासाठी बोलणार आहे. तिने नाव लावलं नाही, तर मी लावीन.

वा रे वा! माझ्यासाठी! मला विचारलंस?

माझ्या नवऱ्याने मला विचारलं तरी. सोमनाथ ओझरला विमानाच्या कारखान्यात आहे, तुला माहीतच आहे, चित्रांतलं त्याला ओ की ठो कळत नाही. काल रात्री जेवताना तो म्हणाला, "आमच्याकडे ज्याने काम केलं त्याची सही लागते, साहेबाची वेगळी. तुझी सही कुठंय?" मी म्हटलं, भाजी संपव. त्याने संपवली. पण मी माझं ताट तसंच उचललं.

मला काय वाटतं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. लोक त्या बाजाराच्या चित्रापुढे उभे राहतात ना, तेव्हा मी मागे जिन्यात उभी राहते आणि ऐकते. परवा एक म्हातारी बाई म्हणाली, "यात माझी आईच बसल्यासारखी वाटते गं." मला जाऊन तिचा हात धरावासा वाटला. ती मग खाली गेली आणि सरांच्या पाया पडली. मी एक्केचाळीस वर्षांची आहे. माझ्या नावाचं एकही प्रदर्शन नाही. आहे मला ती हाव, का नसावी? निकिता ही वरची सगळी चित्रं पुढच्या आठवड्यात पुण्याला नेतेय, तिकडच्या गॅलरीत. 'सरांचा उत्तरकाळ' असं नाव ठरलंय. एकदा तिकडे गेली की ती सरांचीच होतील, मग मी काय, ब्रह्मदेव आला तरी फरक पडायचा नाही. हे सगळं मला कळतं. तू शिकवायला नको.

पण सर शेजारी बसून बोलत असतात, तेही खोटं नाही. "कागद बोलू दे" हे त्यांचंच आहे. त्यांच्याशिवाय मी हे काढलं असतं का? मला खरंच माहीत नाही. तुला माहीत आहे?

आणि काकू? नवऱ्याचं सगळं त्यांना माहीत आहे. रोज त्याच रंगाचं पाणी ओततात, सरांच्या बोटांना लागलेले डाग धुतात. मुद्दाम लावून घेतात सर ते डाग. भर सभेत तू उभा राहशील, आणि एक म्हातारा माणूस कापरा हात मांडीखाली लपवेल. ते तू बघशील का? मी नाही बघू शकणार.

आता नीट वाच. सरांनी तुझ्या चित्रावर तुला न विचारता ब्रश चालवला, म्हणून तू अकरा वर्षं रुसलास. बरोबर? मग रविवारी तू काय करणार आहेस? तेच. माझं चित्र आहे, माझी गोष्ट आहे. कुठे काळं करायचं, कुठे पांढरं सोडायचं, हे मी ठरवीन. चांगल्यासाठीच करतोय असं सरांनाही वाटत होतं रे.

हात जोडते. येऊ नकोस. पाया पडायला लावू नकोस आता.

पूजा


शनिवार, १३ डिसेंबर

नियाज,

खुशनुमा आत्ता येऊन गेली. म्हणाली, तू पत्र वाचलंस आणि म्हणालास, "ठीक आहे. तिची मर्जी." उद्या येणार नाहीस, कोणाजवळ बोलणार नाहीस, शब्द दिलास.

उपकार झाले. टोमणा नाही मारत, खरंच म्हणतेय. आज रात्री पहिल्यांदा झोप लागेल.

डेमोचीही व्यवस्था केलीय. सर बाथरूममध्ये घसरले, मनगट मुरगळलं, असं निकिताला सांगितलं. काकूंनी क्रेप बँडेज बांधलं. बांधताना आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. सर मात्र निमूट बसले होते. बँडेज झाल्यावर हात वर करून बघितला आणि म्हणाले, "दुखत तर नाही." काकू म्हणाल्या, "दुखेल उद्या." डेमो रद्द, फक्त गप्पा. तास-दीड तास कसाही निघून जाईल.

तुझ्या प्रदर्शनाचा आज शेवटचा दिवस ना? द्वारका चौक कोणी घेतला का? घेतला नसेल तर घाई करून देऊन टाकू नकोस.

पूजा


सोमवार, १५ डिसेंबर

नियाज,

वरच्या हॉलमध्ये फरशीवर बसून लिहितेय. चित्रं उतरवली आहेत, एकेक बांधायचंय, उद्या सकाळी टेम्पो पुण्याला निघेल. निकिता म्हणाली, कामगार लावू या. मी म्हटलं नको, ते काचा फोडतात.

कालचं सांगते. तुला दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावलेलं कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

हॉल तुडुंब होता. चित्रकलेच्या कॉलेजची पोरं फरशीवर बसली होती. सर काय बोलत होते! आपल्याला घाटावर हिवाळ्यात पहाटे उठवून न्यायचे ते किस्से, टांग्यांच्या दिवसांतलं नाशिक, कोणत्या हॉटेलातल्या मिसळीच्या तर्रीचा रंग ट्यूबमधून येत नाही ते. लोक हसून हसून बेजार. बँडेजचा हात मांडीवर शांत पडून होता. मी मागच्या रांगेत बसून मनातल्या मनात म्हणत होते, सुटलो.

मग एका मुलीने हात वर केला. "सर, हरसूलच्या चित्रात तुम्ही एवढं खाली कुठे बसला होतात?"

मला वाटलं, आता सर काहीतरी विनोद करून वेळ मारून नेतील. ते पटाईत आहेत त्यात. पण त्यांनी वर छताकडे बघितलं आणि ते सांगायला लागले. नागली विकणाऱ्या बायकांच्या ओळीत बसलो होतो, म्हणाले. एका बाईने गोणपाट दिलं, "बस बाबा इथं, ऊन लय हाय." तिच्या पदराची सावली कागदावर हलत होती. तिच्या पोराने निळ्या रंगात बोट बुडवून चाटलं.

मी हे त्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, चित्र दाखवताना. 'बाई'चं 'बाबा' तेवढं झालं होतं.

तुला आठवतं, थाप मारताना सर कानाची पाळी ओढतात? डाव्या हाताने का होईना, ओढतातच. काल हात हलला नाही. डोळे अगदी स्वच्छ होते. त्यांना ते सगळं दिसत होतं, नियाज. ते तिथे बसून आले होते. ते खोटं बोलत नव्हते.

इतके दिवस मला वाटायचं, निदान आम्हा दोघांना तर माहीत आहे. तेवढ्यावर मी पाच वर्षं काढली. काल कळलं की त्यांनाही माहीत नाही.

मी उठले. कशी उठले कोण जाणे. म्हटलं, "सर, तिथे मी बसले होते."

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि काय गोड हसले! "हो ना! ही होती ना बरोबर. ब्रशचं पाणी बदलून द्यायची. हिच्याशिवाय माझं पान हलत नाही." टाळ्या पडल्या. माझ्यासाठी! निकिता धावत आली आणि तिने माझ्या हातात गुच्छ दिला.

मी गुच्छ हातात धरून म्हटलं, "बरोबर नव्हते. मी एकटी गेले होते. ते चित्र मी काढलंय. या भिंतीवरची सगळी मी काढलीत."

टाळ्या थांबल्या. सरांचा चेहरा बघवेना. चिडले नाहीत रे, चिडले असते तर बरं झालं असतं. गोंधळले. काकूंकडे वळून हळूच विचारलं, "असं का म्हणतेय ही?" काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बस खाली, पूजा. दमली आहेस तू." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का होता. मागून कोणीतरी म्हणालं, "गुरूचा हात जायबंदी झाला नाही तोच सुरू झालं यांचं." पुढची पोरं मान वळवून माझ्याकडे बघत होती. त्यांत ती प्रश्न विचारणारी मुलगीही होती. तिलासुद्धा माझी कीव येत होती.

निकिता चांगली मुलगी आहे. तिने माझा दंड धरून मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू विचारलं, "ताई, हे फार मोठं बोलताय तुम्ही. दुसऱ्या कोणाला माहीत आहे का हे? कोणी आहे का इथे, जो उभा राहून सांगेल?"

मी दाराकडे बघितलं. वेड्यासारखी बघत राहिले. दारात चपलांचा ढीग होता आणि पलीकडे मोकळा जिना.

खुशनुमाने आज सांगितलं, काल तू दुपारीच कपडे करून तयार बसला होतास. संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिलास, आणि शब्द पाळलास.

पूजा